लांबच्या सफरीत बोटीवरचा जोडीदार मध्येच उतरतोय? मग हे आधी वाचा (मुंबई ते कोची, स्वतःच्या चुकांसकट)

डिसेंबरच्या मध्यात आम्ही दोघं मुंबईहून निघालो. २६ फुटी सेकंडहँड शिडाची बोट, एक सिलिंडरचं डिझेल इंजिन, आणि डोक्यात कोची. समुद्रमार्गे अंतर साधारण ५८०-५९० नॉटिकल मैल, रोज दिवसाउजेडी थोडं थोडं गेलं तर महिनाभर धरायचा. पहिली रात्र दिघीला, मग हर्णै, मग जयगड, आणि पाचव्या दिवशी रत्नागिरीला माझा मित्र बॅग घेऊन उतरला. कारण त्याने सांगितलं आईची तब्येत, आणि आईची तब्येत खरंच थोडी बरी नव्हती, पण आम्हा दोघांनाही माहीत होतं की मला प्रत्येक खाडीत शिरून बघायचं होतं आणि त्याला मैल कापायचे होते, आणि हर्णैला रात्रभर बोट पाळण्यासारखी हलत असताना मी त्याला जे बोललो ते बोलायला नको होतं.

असो. भांडणाबद्दल मी सल्ला देणार नाही, तो प्रत्येकाचा आपापला. पण जोडीदार उतरणं हे एक काम आहे, नांगर टाकण्यासारखं किंवा शीड आवळण्यासारखं, आणि ते नीट नाही केलं तर काय होतं ते मी अर्ध्या दिवसात बघितलं. त्या दिवशी दुपारी माझी बोट रत्नागिरी बंदराच्या तोंडाशी इंजिन बंद पडून वाहत होती, क्रू लिस्टवर (बोटीवरच्या माणसांच्या यादीत) नावं दोन आणि बोटीवर माणूस एक, गस्तीवाले विचारतायत दुसरा कुठाय, आणि दुसरा कोकण रेल्वेच्या करबुडे बोगद्यात. ते सगळं पुढे येईलच.

खालचं सगळं महाराष्ट्र-गोवा-कर्नाटक-केरळ किनाऱ्यासाठी आहे, भारतीय बोट, भारतीय माणसं, छोटी बोट, ऑक्टोबर ते मे चा सीझन धरून. पावसाळ्यात असल्या बोटीने कोणी निघत नाही, त्यामुळे तो विषयच नाही.

१. निघायच्या आधीच उतरायचं बोलून ठेवा

लग्नाआधी घटस्फोटाचं बोलल्यासारखं वाटतं, म्हणून कोणी बोलत नाही. आम्हीही नाही बोललो. चहा पिताना दहा मिनिटं लागतात, एवढंच ठरवायचं:

- कोणालाही कधीही उतरायचा हक्क आहे, कारण सांगायची सक्ती नाही, पण समुद्रात असताना नाही. पुढच्या ठरलेल्या बंदरात.
- ती ठरलेली बंदरं कुठली (यादी खाली देतोय).
- एक जण उतरला तर बोटीचं काय: तिथेच ठेवायची, परत आणायची, की दुसऱ्याने पुढे न्यायची.
- बोट ज्याच्या नावावर आहे तोच उतरला तर? हा प्रश्न सगळे विसरतात. त्याचं उत्तर कागदावर लागतं, मुद्दा ४ बघा.
- पैशांचा हिशोब कुठल्या दिवसापर्यंत.

अजून एक, आणि हे मला फार उशिरा कळलं, "आपण कशासाठी चाललोय" हे एकमेकांना विचारा. मला वाटायचं हे काय विचारायचं, कोचीला चाललोय. पण एकाला कोची हवी असते आणि एकाला वाटेतले किल्ले हवे असतात, आणि २६ फुटांत ह्या दोन गोष्टी पाच दिवस सुद्धा मावत नाहीत.

२. सांगायचं कधी

चालत्या बोटीत नाही. वारा वाढलेला असताना नाही, रात्रीच्या पाळीत नाही, उलटी झाल्यावर लगेच नाही. बोट लागलेल्या माणसाला कोणी विचारलं तर तो आत्ताच्या आत्ता घर, जमीन, बायको, सगळंच बदलायला तयार असतो. नांगर पडू दे, पोटात गरम भात-आमटी जाऊ दे, एक झोप होऊ दे, आणि सकाळी जर तेच वाटत असेल तर सांगा.

आणि ज्याला सांगितलं जातंय त्याने लगेच "अरे थांब, गोव्यापर्यंत तरी चल" असं नाही करायचं. मी केलं. जयगडला त्याने विषय काढला तेव्हा मी त्याला गोव्याचं आमिष दाखवत बसलो. तो दीड दिवस गप्प राहिला आणि तो दीड दिवस बोटीवर जी शांतता होती ती नको. मनातून उतरलेला माणूस नजर नीट ठेवत नाही, दोर नीट बांधत नाही, त्याचा दोष नाही, पण धोका दोघांना. जयगडची खाडी आत शिरलात की एकदम शांत, तिथे अजून एक दिवस थांबून सगळं रीतसर करता आलं असतं.

३. कुठे उतरायचं: हे सगळ्यात महत्त्वाचं

नकाशावर सगळी बंदरं सारखीच दिसतात. उतरण्यासाठी बंदराला तीन गोष्टी लागतात: बोटीला आडोसा, माणसाला कोरड्या पायाने जाता येईल असा धक्का, आणि तिथून रेल्वे किंवा एसटी. तिन्ही एकत्र असलेली ठिकाणं मोजकी आहेत. उत्तरेकडून खाली येत सांगतो:

दिघी / राजपुरीची खाडी – आडोसा उत्तम, जंजिरा समोर, पण रेल्वे लांब, माणगावला जावं लागतं. मुंबईला परतायचं असेल तर बसने ठीक. अजून एक रात्रच झाली असेल तर सरळ दोघांनी बोट परत न्या.

हर्णै – इथे नको. मासळी बाजार, सुवर्णदुर्ग, सगळं बघायला झकास, पण दुपारचा वायव्येचा वारा आला की लाट सरळ आत येते, डिंगीतून (बोटीबरोबरच्या छोट्या होडीतून) किनाऱ्यावर उतरताना कमरेपर्यंत भिजणार, बॅगेसकट. वर खेड स्टेशन तास-दीड तास. जवळची आंजर्ल्याची खाडी स्थानिक होड्यांना आडोसा देते पण तोंडाशी गाळ आहे, आपल्या कीलवाल्या (तळाखाली खोल पातं असलेल्या) बोटीने माहितगार बरोबर नसताना शिरू नये.

दाभोळ – वाशिष्ठीच्या तोंडाशी उथळ पट्टा आहे, भरतीला आणि शांत पाण्यात शिरायचं. आत गेलात की छान. चिपळूण स्टेशन आहे पण रस्त्याने बराच वेळ.

जयगड – आडोशाच्या बाबतीत मला सगळ्यात आवडलेलं. रत्नागिरी रस्त्याने तासाभराच्या थोडं वर. माझा सल्ला विचाराल तर बोट जयगडला ठेवा आणि माणसाला रस्त्याने रत्नागिरी स्टेशनला पाठवा. मी उलटं केलं.

रत्नागिरी – रेल्वे जवळ, बहुतेक गाड्या थांबतात, रिक्षा लगेच. पण मिरकरवाडा हे मासेमारी बंदर ट्रॉलर्सनी इतका भरलेला असतो की आपल्यासारख्याला जागा मिळणं मुश्कील, आम्ही भगवती बंदराच्या बाजूला बाहेर नांगर टाकला होता.

विजयदुर्ग – आडोसा अप्रतिम, उगाच नाही आरमाराने तिथे ठाण मांडलं. पण स्टेशन लांब, राजापूर रोड नाहीतर वैभववाडी नाहीतर कणकवली, सगळीच लांब. बोट ठेवून आठवडाभर घरी जाऊन यायचं असेल तर चांगलं, घाईत उतरायला नाही.

देवगड – छोटं, आडोशाचं, माणसं मदत करणारी.

मालवण – पहिल्यांदाच येत असाल तर जोडीदार असतानाच आत शिरा, नंतर एकट्याने नको. सिंधुदुर्गाच्या भोवती खडक पसरलेत, एकाने पुढे उभं राहून पाणी बघायलाच हवं. कुडाळ स्टेशन तासाभरावर.

पणजी – माणूस बदलायला सगळ्यात सोयीचं. करमळी स्टेशन जवळ, मडगाव आहे, दाबोळी आणि मोपा दोन विमानतळ. फक्त मांडवीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, सकाळी वारा पडलेला असताना आणि चढत्या भरतीला शिरा.

कारवार – रेल्वे आहे, पण नौदलाचा तळ आहे बाजूला, त्या हद्दीपासून लांब राहा, फोटो काढत बसू नका. त्याच्याखाली मालपे (उडुपी स्टेशन जवळ), मंगळुरू, मग केरळात बेपूर, आणि शेवटी कोचीला बोळगाट्टीची मरीना, जिथे पहिल्यांदा तुम्हाला बोटीवरून सरळ चालत जमिनीवर जाता येतं आणि रडू येतं.

म्हणजे मुंबई–कोचीसाठी माझी यादी: जयगड-रत्नागिरी, पणजी, मालपे, बेपूर. ह्या चार ठिकाणी उतरायचं, बाकी ठिकाणी फक्त आजारपण असेल तर.

४. कागद

२००८ च्या हल्ल्यानंतर ह्या किनाऱ्यावर अनोळखी बोट म्हणजे चौकशी होणारच, आणि व्हायलाच पाहिजे. त्यात क्रू लिस्ट आणि प्रत्यक्ष माणसं जुळली नाहीत तर समोरच्याच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो सरळ आहे: दुसरा पाण्यात पडला का? दुसरा प्रश्न त्याहून वाईट.

म्हणून जोडीदार जमिनीवर असतानाच, तो गाडीत बसायच्या आधी, दोघांनी मिळून ही कामं उरका:

- जुनी क्रू लिस्ट, त्यावर "अमुक तारखेला, अमुक बंदरात उतरला" असं लिहून दोघांच्या सह्या. नवीन लिस्ट एका नावाची, चार-पाच प्रती.
- उतरणाऱ्याचं एका पानाचं पत्र: मी स्वतःच्या मर्जीने, सुखरूप, ह्या बंदरात उतरतोय. खाली सही, मोबाईल नंबर, घरच्या एका माणसाचा नंबर. हास्यास्पद वाटेल, लिहाच.
- त्याच्या आधारची झेरॉक्स तुमच्याकडे.
- बंदर खात्याच्या ऑफिसात आणि सागरी पोलीस ठाण्यात दोघांनी समक्ष जाऊन सांगणं. गोव्यात हे काम कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे. जमलं तर शिक्का घ्या, नाही तर निदान आवक नोंद.
- बोट जाणाऱ्याच्या नावावर असेल तर मागे राहणाऱ्याच्या नावाने अधिकारपत्र, रजिस्ट्रेशनची प्रत आणि विम्याची प्रत जोडून. हे नसेल तर तुम्ही दुसऱ्याची बोट घेऊन फिरणारा माणूस.
- विम्याचे कागद उघडून वाचा. काही पॉलिसींमध्ये एकट्याने चालवण्याबद्दल अट असते. एजंटला फोन नको, मेल करा, उत्तर लेखी घ्या.
- व्हीएचएफचं (बोटीवरच्या रेडिओचं) लायसन्स कोणाच्या नावावर आहे तेही बघून ठेवा.

परदेशी मित्र बरोबर असेल तर व्हिसा, इमिग्रेशन, सगळंच वेगळं, आधी विचारून घ्या. आणि एक मोठा सापळा: सॅटेलाईट फोन किंवा तसलं सॅटेलाईट मेसेज पाठवणारं यंत्र आपल्याकडे परवानगीशिवाय बाळगता येत नाही, विमानतळावर सामानात सापडल्यामुळे लोक अडकलेत. "तू एकटा आहेस तर माझं यंत्र ठेव" असं कोणी प्रेमाने म्हणालं तरी नको म्हणा.

५. त्याच्या डोक्यातलं तुमच्या वहीत

दोन माणसं बोट चालवायला लागली की कामं आपोआप वाटली जातात. इंजिन त्याचं, शिडं माझी. स्वयंपाक माझा, पाणी-डिझेल त्याचं. पाच दिवसांत हे इतकं मुरतं की दुसऱ्याची कामं आपल्याला दिसेनाशी होतात.

माझा मित्र प्रत्येक वेळी इंजिन बंद केल्यावर इंजिनाला समुद्राचं थंड पाणी देणारा सीकॉक (बोटीच्या तळाचा पाण्याचा नळ) बंद करायचा. चांगली सवय. निघताना उघडायचा. मला हे माहीतच नव्हतं, कारण मी तेव्हा नांगरावर असायचो. रत्नागिरीला त्याला रिक्षात बसवून मी मोठ्या जोशात बोटीवर आलो, इंजिन सुरू केलं, नांगर उचलला, निघालो. सात-आठ मिनिटांत अलार्म. पाणीच नाही, पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं चाक) जळून त्याचे तुकडे झालेले. इंजिन बंद केलं, बोट वाहायला लागली, शीड उभं करेपर्यंत गस्तीची बोट आली. क्रू लिस्ट दाखवा. दाखवली. दोन नावं. दुसरा कुठाय? म्हटलं साहेब तो आत्ताच गाडीने मुंबईला. फोन लावा. लावला, बंद. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे आणि तो संपला की पुढचे आहेतच, त्यामुळे पाऊण तास "संपर्क क्षेत्राच्या बाहेर".

शेवटी फोन लागला, त्यांनी त्याच्याशी बोलून खात्री केली, मला चार शब्द सुनावले (बरोबरच होते) आणि एका मच्छीमार होडीने मला ओढून परत आत आणलं. फोनवर मी त्याला विचारलं, "अरे, स्पेअर इम्पेलर कुठे ठेवलायस?" तो म्हणाला, "थांब." मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "माझ्या बॅगेत आहे रे."

तर. निघायच्या आदल्या दिवशी अर्धा दिवस काढा आणि हे करा:

जो उतरतोय त्याने गप्प बसायचं. जो राहतोय त्याने नांगर उचलण्यापासून परत नांगर टाकेपर्यंत सगळं एकट्याने करून दाखवायचं, बंदरातल्या बंदरात एक फेरी. जिथे अडाल तिथे वहीत लिहा. ही एक फेरी दहा पानांच्या यादीपेक्षा भारी, कारण तुम्हाला काय माहीत नाही हे तुम्हाला माहीत नसतं, ते फक्त हात अडल्यावर कळतं.

त्याशिवाय वहीत उतरवून घ्यायच्या गोष्टी: सगळे सीकॉक कुठे आणि कुठल्या स्थितीत. डिझेलमध्ये हवा शिरली तर ती काढायचा क्रम, मोबाईलवर व्हिडिओ करून ठेवा. बिल्ज पंप (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा) हाताचा आणि बॅटरीचा. बॅटरीचे स्विच. पाणी किती, डिझेल किती, गॅस कधी भरला. सगळे पासवर्ड, नकाशाच्या अॅपचा सुद्धा, आमचं अॅप त्याच्या अकाउंटवर होतं आणि तो टॅब लॉगआउट झाला असता तर माझे नकाशे गेले असते. घरी रोज मेसेज कोण करत होतं? तेही काम आता तुमचं.

६. सामान आणि पैसे

सामान डेकवर ओता. सगळं. त्याची बॅग पण. अपमान वगैरे काही नाही, इम्पेलरची गोष्ट वाचलीत ना. बोटीचं काय, त्याचं काय, अर्धं-अर्धं काय, तीन ढीग. अर्ध्या-अर्ध्यातलं जे सुरक्षेचं आहे, लाइफजॅकेट, हार्नेस (बोटीला अडकवायचा अंगावरचा पट्टा), हातातला व्हीएचएफ, टॉर्च, फ्लेअर (संकटात पेटवायचा इशाऱ्याचा दिवा), औषधं, ते बोटीवर राहतं आणि पैशाने फिटवलं जातं. ह्यावर वाद घालू नका.

पैशांचं मी आधी फार किचकट करून ठेवलं होतं, अॅपवर प्रत्येक चहा टाकलेला. शेवटी आम्ही एकच नियम केला: तो उतरला त्या रात्रीपर्यंतचा खर्च निम्मा-निम्मा, त्याच्या पुढचा माझा, शिल्लक किराणा मोजायचा नाही. बोट दोघांची असेल तर दुरुस्ती आणि बोट ठेवायचं भाडं वेगळं, ते घरी गेल्यावर. धक्क्यावर उभं राहून यूपीआय करून टाका, "नंतर बघू" नको, नंतर कोणी बघत नाही आणि मग भेटलं की दोघंही तेच आठवत बसतात.

७. उतरायची वेळ

सकाळची. ह्या किनाऱ्यावर हिवाळ्यात सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून, पाणी सपाट. साधारण दहा-अकरानंतर तो पडतो आणि दुपारी खारा वारा वायव्येकडून भरतो, मग डिंगीत बॅग आणि माणूस दोन्ही उतरवणं म्हणजे सर्कस. गाडी दुपारची असली तरी माणूस सकाळीच धक्क्यावर पोचवा.

भरती बघा. मुंबईत उधाणाला चार-पाच मीटरचा फरक पडतो, रत्नागिरी-गोव्याकडे तो निम्म्यावर येतो, कोचीला जेमतेम मीटरभर. ओहोटीला धक्क्याची शिडी शेवाळलेली असते आणि पायऱ्या कालवांनी धारदार झालेल्या. बॅग आधी दोराने वर, मग रिकाम्या हाताने माणूस.

आणि त्या दिवशी तुम्ही निघू नका. माणूस सोडून आल्यावर उगाच एक जोर चढतो, आता दाखवतोच वगैरे. मी त्या जोरातच सीकॉक न बघता निघालो. एक रात्र त्याच बंदरात काढा.

८. आता पुढे काय: चार रस्ते

(क) बोट तिथेच ठेवून तुम्हीही घरी जा. लाज कसली? फक्त बोटीवर लक्ष ठेवायला तिथलाच कोणी नाखवा किंवा तांडेल (मच्छीमार होडीचा प्रमुख) ठरवा, पैसे आधी ठरवा, नांगराचा दोर कुठे घासतोय ते त्याला दाखवा.

(ख) परत फिरा. पण लक्षात घ्या, दक्षिणेला जाताना दुपारचा वायव्य वारा पाठीशी असतो, परत येताना तोच तोंडावर. दोघांत खाली येणं आणि एकट्याने वर जाणं ह्यात फार फरक आहे. रत्नागिरीच्या खालून एकट्याने उत्तरेला परतायचं तर पहाटेच्या मतलई वाऱ्यावर निघायचं आणि दुपारपर्यंत आत शिरायचं, छोटे छोटे टप्पे.

(ग) एकट्याने पुढे. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीला फेरी मारून आले हे खरं, पण ते नौदलाचे अधिकारी, वर्षानुवर्षांची तयारी, आणि खोल समुद्रात जाळी नसतात. आपल्या किनाऱ्यावर एकट्याची अडचण लाटा नाहीत, जाळी आणि झोप ही आहे. संध्याकाळनंतर जाळी पसरलेली, थर्माकोलचे तुकडे, कॅन, झेंड्याची काठी, कुठे लुकलुकणारा दिवा तर कुठे काहीच नाही. एक जण पुढे नजर ठेवून असेल तर ठीक, एकटा माणूस सुकाणू धरू की टॉर्च मारू? म्हणून नियम एकच: एकट्याने रात्र नाही. सागरी नियमांतला पाचवा नियमच आहे की सतत नजर ठेवायची, झोपलेला माणूस ती ठेवू शकत नाही.

सुदैवाने कोकणात टप्पे छोटे आहेत: रत्नागिरी–विजयदुर्ग साधारण २८ मैल, विजयदुर्ग–देवगड १०-१२, देवगड–मालवण २०, वेंगुर्ल्याहून आग्वाद (गोवा, मांडवीच्या तोंडाशी) २५. ताशी चार-साडेचार मैल धरा, पहाटे निघा, तीन-चारपर्यंत नांगर पडायलाच हवा. हार्नेस बोटीला कायम अडकवलेला, शांत पाण्यात सुद्धा, कारण ऑटोपायलट लावलेली बोट तुमच्यासाठी थांबत नाही. लघवीला कठड्याशी उभं राहायचं नाही, बादली वापरा, हसू नका. शीड दोघं असताना ज्या वाऱ्याला कमी करायचात त्याच्या आधीच कमी करा. मोबाईल अंगावर, वॉटरप्रूफ पिशवीत, बोटीत चार्जिंगला नाही. व्हीएचएफ चॅनेल १६ चालू. १५५४ (तटरक्षक दल) आणि १०९३ (सागरी सुरक्षा) हे नंबर पाठ. रोज संध्याकाळी घरी एकाला "पोचलो, इथे आहे, उद्या तिथे" हा मेसेज, आणि अमुक वाजेपर्यंत आला नाही तर काय करायचं हे त्याला लिहून दिलेलं.

जेटीवर बोला. देवगडला शिरलो तर एका म्हाताऱ्या तांडेलाने पहिलं हेच विचारलं, "एकटोच इलंस? दुसरो खय रवलो?" मी सगळी गोष्ट सांगितली, इम्पेलरसकट, तो पोट धरून हसला आणि मग कुठे किती वाव (खोली मोजायचं माप) पाणी आणि कुठली खूण कशाच्या रेषेत धरायची हे असं समजावलं की माझ्या अॅपवर ते नव्हतंच.

(घ) नवीन जोडीदार. मी मालवणला थांबलोच नाही, सरळ वेंगुर्ल्याला गेलो, आणि पणजीहून एक मुलगा घेतला, डिंगी रेसिंग केलेला, पोहणारा, कमी बोलणारा. तीन गोष्टी बघा: बोट लागते का (विचारू नका, बाहेर नेऊन बघा), रात्री उठवल्यावर कसा वागतो, आणि भांडी घासतो का. पहिला टप्पा एकाच दिवसाचा, त्यानंतर दोघांनाही नाही म्हणायची मोकळीक. आणि मुद्दा १ पहिल्या चहाला. क्रू लिस्ट परत बदलायची, विसरू नका.

९. तुम्ही उतरणारे असाल तर

तुमच्याबद्दल कोणी लिहित नाही. मित्राला विचारून हे लिहितोय. पहिलं म्हणजे अचानक उतरू नका, दुसऱ्याला एक पूर्ण दिवस द्या. दुसरं, बॅग रिकामी करून भरा. तिसरं, फोन चालू ठेवा, आणि बोगदे आहेत तर तसं आधी सांगा. चौथं, पहिले तीन-चार दिवस तो फोन करून मूर्खासारखे प्रश्न विचारेल, कुठला पान्हा कुठे आहे वगैरे, उत्तर द्या. त्याने सांगितलं की रत्नागिरी स्टेशनवर बाकावर बसला तर बाक हलत होता, आणि गाडीत वडापाव घेतला तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं की आपण परत जावं.

बरोबर ठेवायचं, एकदा मोजून

क्रू लिस्ट जुनी-नवी, उतरल्याचं पत्र, दोघांचे आधार, रजिस्ट्रेशन, विमा, गरज असेल तर अधिकारपत्र, सगळ्यांचे फोटो मोबाईलवर आणि घरी एकाकडे. हार्नेस, डेकवर आडवा बांधायचा पट्टा, दोन चांगले टॉर्च, हातातला व्हीएचएफ, नांगरावर लावायचा पांढरा दिवा, जाळं कापायला दातेरी सुरी आणि पोहायचा चष्मा (पंख्यात जाळं अडकलं तर, तेही फक्त नांगरावर असताना, इंजिन बंद करून). दोन इम्पेलर, दोन डिझेल फिल्टर, पंपाच्या झाकणाचा गॅस्केट.

माझा इम्पेलर दुसऱ्या दिवशी रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या गाडीने आला, मित्राने मुंबईला उतरल्या उतरल्या पाठवला होता, एका पिशवीत गुंडाळून, बरोबर दोन पॅकेट खाकरा. बोट सध्या कोचीला आहे. मार्चच्या आत ती वर आणायची आहे, एप्रिलपासून वायव्येचा जोर वाढतो आणि मे महिन्यात काय येऊ शकतं ते २०२१ ला तौक्ते चक्रीवादळाने दाखवलंय. कोची ते मालपे तो मुलगा आणि मी, मालपेला मित्र चढणार असं ठरलंय. ह्यावेळी कुठे उतरता येईल त्याची यादी त्याने स्वतःच करून पाठवली, हर्णै त्यात नाही.